मराठवाड्यात कुणाकडे किती? मालमत्तेचे सरकारी आकडे शोधायची आणि वाचायची रीत

परभणीतल्या एका चर्चासत्रात वक्त्यांनी सांगितलं, "मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबाकडे सरासरी 22 लाखांची मालमत्ता आहे." माझ्या शेजारी सेलूकडचे एक शेतकरी बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "सर, हे कुणाचं मोजलं? आमच्याकडं तर तीन एकर कोरडवाहू आन् सोसायटीचं कर्ज."

आकडा खोटा नव्हता. अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक पाहणीच्या 2019 च्या फेरीत तो आहे: 22,07,257 रुपये. पण तो साऱ्या देशाचा आहे, मराठवाड्याचा नाही. तो 30 जून 2018 या तारखेचा आहे. त्यातून कर्ज वजा केलेलं नाही. आणि ती सरासरी आहे, त्यामुळे शंभर एकरवाला आणि एक एकरवाला तिच्यात एकत्र मिसळलेले आहेत. एका वाक्यात चार गोष्टी गळाल्या आणि माझ्या शेजारच्या माणसाला स्वतःच्याच परिस्थितीबद्दल शंका वाटू लागली. हे मला फार लागलं, म्हणून हा लेख. ग्रामपंचायत सदस्य, तालुक्याचे पत्रकार, स्पर्धा परीक्षेची मुलं, बचत गटांत काम करणाऱ्या ताई, ज्यांना ज्यांना असे आकडे वापरावे लागतात त्यांच्यासाठी.

आधी ठरवा: मालमत्ता, उत्पन्न की खर्च?

वर्षभरात घरात आलेला पैसा म्हणजे उत्पन्न. घरातून गेलेला पैसा म्हणजे खर्च. आणि एका ठरावीक दिवशी नावावर असलेली जमीन, घर, विहीर, जनावरं, ट्रॅक्टर, ठेवी, शेअर यांची किंमत म्हणजे मालमत्ता. तिच्यातून त्या दिवशीचं कर्ज वजा केलं की उरते ती नक्त मालमत्ता.

विषमतेचा सरकारी आकडा म्हणून पेपरात बहुधा खर्चाचा आकडा येतो. कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत 2023-24 साली ग्रामीण भारतातला दरमहा दरडोई खर्च 4,122 रुपये होता, शहरी 6,996 रुपये. खर्चातली दरी नेहमीच कमी दिसते, कारण गरिबालाही खावं लागतं आणि श्रीमंत माणूस सगळंच खर्च करत नाही, उरलेलं साठवतो. ते साठलेलं मालमत्तेत दिसतं. म्हणून खर्चाचा आकडा दाखवून कुणी "विषमता कमीच आहे" म्हणालं, तर "मालमत्तेचं काय?" असं विचारायला हवं.

आणखी एक सापळा म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला 'संपत्ती निर्देशांक'. नाव संपत्तीचं असलं तरी त्यात रुपये नाहीत. घर पक्कं आहे का, शौचालय, टीव्ही, दुचाकी, बँक खातं आहे का, यावरून गुण देतात आणि लोकसंख्येचे पाच समान भाग करतात. देशपातळीवर प्रत्येक भागात 20 टक्केच लोक येणार, कारण वाटणीच तशी केलेली असते. आपल्या भागात खालच्या दोन गटांत किती लोक पडतात, हे पाहायला तो उपयोगी आहे. वरच्यांकडे खालच्यांच्या किती पट आहे, हे मात्र तो सांगू शकत नाही.

आपल्याकडे मालमत्तेची नोंद कुठे होते?

ब्रिटनमध्ये माणूस वारला की त्याच्या मालमत्तेचं मूल्यांकन कर खात्याकडे जातं. त्या वर्षी वारलेल्यांना जिवंत लोकांचा नमुना समजून, वय आणि लिंगानुसार गुणून, साऱ्या समाजाच्या मालमत्तेचा अंदाज काढण्याची पद्धत तिथे रुळलेली आहे. आपल्याकडे ही वाट बंद आहे. मृत्यूनंतरचा संपदा शुल्काचा कायदा 1953 चा, ते शुल्क 1985 मध्ये गेलं. 1957 चा संपत्ती कर 1 एप्रिल 2016 पासून संपला. गावात वडील गेले की तलाठ्याकडे वारसाचा फेरफार होतो, सातबाऱ्यावर नावं चढतात, पण त्या जमिनीची किंमत कुठेच लिहिली जात नाही.

म्हणून आपल्यापुढे दोनच मोठे रस्ते आहेत. एक नमुना पाहणीचा, दुसरा जमिनीच्या नोंदींचा.

नमुना पाहणी म्हणजे वर सांगितलेली कर्ज व गुंतवणूक पाहणी. तिची सुरुवात रिझर्व्ह बँकेच्या 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत आहे. पुढे ती राष्ट्रीय नमुना पाहणीकडे आली आणि साधारण दहा वर्षांनी होत राहिली: 1971-72, 1981-82, 1992, 2003, 2013, 2019. शेवटची फेरी, म्हणजे 77 वी, जानेवारी ते डिसेंबर 2019 मध्ये झाली. ग्रामीण भागातली 69,455 आणि शहरी भागातली 47,006 कुटुंबं तिच्यात होती.

अहवाल हातात घेतल्यावर

सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अहवाल फुकट मिळतो. थेट तक्त्यांवर उडी मारू नका, आधी व्याख्यांचं प्रकरण वाचा. तीन प्रश्न पेन्सिलने लिहून ठेवा. सोनं-दागिने आणि घरातल्या टिकाऊ वस्तू धरल्या आहेत का? जमिनीची किंमत बाजारभावाने लावली की सरकारी दराने, म्हणजे आपल्याकडच्या रेडी रेकनरने? आणि 'शेती करणारं कुटुंब' कुणाला म्हटलं, मालकाला की कसणाऱ्याला? या पाहणीत ते कसण्यावरून ठरतं. बटईने किंवा ठोक्याने शेती करणारा त्यात येतो, आणि जमीन ठोक्याने देऊन लातूरला राहणारा मालक त्यात येत नाही. दोन फेऱ्यांची तुलना करायची असेल, तर दोन्हींतल्या या तीन उत्तरांचा मेळ बसतो का ते पाहा.

मग सरासरी. ग्रामीण कुटुंबाची सरासरी मालमत्ता 15,92,379 रुपये, शहरी 27,17,081. ग्रामीण भागातच शेती करणाऱ्या कुटुंबांची 22,07,257 आणि न करणाऱ्यांची 7,85,063. ग्रामीण मालमत्तेत जमिनीचा वाटा 69 टक्के आणि इमारतींचा 22 टक्के. मराठवाड्यात मालमत्तेचा आकडा वाचायचा म्हणजे मुळात जमिनीचा आकडा वाचायचा, असं मी म्हणतो ते यामुळे.

पुढचा तक्ता दशमकांचा. सगळी कुटुंबं मालमत्तेच्या चढत्या क्रमाने उभी करून दहा समान गट केलेले असतात. ग्रामीण भारतात सर्वांत वरच्या गटाची सरासरी सुमारे 81.17 लाख रुपये आहे, सर्वांत खालच्या गटाची सुमारे 41 हजार. शहरात वरच्या गटाची दीड कोटी आणि खालच्या गटाची सुमारे 2 हजार रुपये.

इथे एक छोटा हिशेब स्वतः करून पाहा. गटाची सरासरी घ्या आणि तिला एकूण सरासरीच्या दहापटीने भागा. ग्रामीण: 81.17 भागिले 159.2, म्हणजे सुमारे 51 टक्के. वरच्या दहा टक्के घरांकडे निम्म्याहून थोडी अधिक मालमत्ता. शहरी: 150 भागिले 271.7, म्हणजे सुमारे 55 टक्के. हा हिशेब जमला की कुठल्याही बातमीतला "वरच्यांकडे इतके टक्के" हा दावा दोन मिनिटांत तपासता येतो. मी विद्यार्थ्यांना आधी हाच करायला लावतो.

मराठवाड्याचा आकडा स्वतः काढायचा असेल तर

छापील अहवालात राज्याच्या खाली फारसं काही मिळत नाही. म्हणून लोक महाराष्ट्राचा आकडा उचलतात, ज्यात मुंबई आणि पुणे आहेत, आणि तो बीड-हिंगोलीला लावतात. तसं करू नका. नमुना पाहणीने महाराष्ट्राचे सहा विभाग केले आहेत. त्यातल्या 'इनलँड सेंट्रल' विभागात जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे जिल्हे येतात. बरोबर आपले आठ. राज्याचा संकेतांक 27, विभाग 4, म्हणून 274. ही एवढी माहिती असती, तर त्या वक्त्यांना देशाचा आकडा मराठवाड्याच्या नावावर खपवावा लागला नसता.

मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नोंदणी करून 77 व्या फेरीच्या, म्हणजे अनुसूची 18.2 च्या, कुटुंबनिहाय फायली घ्या. कुटुंबांची नावं-पत्ते त्यात नसतात. सोबतची लेआउट फाइल उघडून ठेवा, कारण मूळ फाइल म्हणजे नुसती अंकांची रांग असते आणि कुठल्या रकान्यात काय आहे ते लेआउटमध्येच कळतं. जमीन, इमारत, जनावरं, वाहनं, ठेवी, कर्ज यांच्या फायली वेगळ्या आहेत. त्या एफएसयू क्रमांक (पाहणीसाठी निवडलेल्या गावाचा किंवा शहरी वस्तीचा), सेकंड स्टेज स्ट्रॅटम (त्यातल्या घरांचा गट) आणि नमुना कुटुंब क्रमांक या तिन्हींच्या जोडीने एकत्र करायच्या. एक जरी क्रमांक सोडला तर एका घराची जमीन दुसऱ्याच घराला चिकटते.

जोडून झाल्यावर फक्त 274 ठेवा. ग्रामीण आणि शहरी वेगळे करा. प्रत्येक घराची एकूण मालमत्ता, एकूण कर्ज आणि दोन्हींतला फरक असे तीन रकाने तयार करा. आता सगळ्यात महत्त्वाचं: गुणक. नमुन्यातलं एकेक घर प्रत्यक्षातल्या शेकडो-हजारो घरांच्या वतीने बोलत असतं, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं असतं. गुणक न लावता काढलेली सरासरी ही मराठवाड्याची नसते, ती फक्त पाहणीत भेटलेल्या घरांची असते. गुणकाला किती ने भागायचं ते फायलींबरोबरच्या सूचनांत दिलेलं आहे, तेवढं पान छापून भिंतीला लावा.

मग मालमत्तेच्या चढत्या क्रमाने रांग लावा, गुणकांची बेरीज वरून खाली करत जा आणि एकूण बेरजेच्या 10, 20, 50, 90 टक्क्यांवर रेघ मारा. 50 टक्क्यांच्या रेघेवरचं घर म्हणजे मध्यक. सरासरीच्या शेजारी मध्यक नेहमी लिहा. सेलूच्या त्या काकांना खरं उत्तर मध्यकात मिळालं असतं.

विभागाच्या खाली मात्र उतरू नका. हिंगोली जिल्ह्यातून त्या फेरीत मूठभर गावं आलेली असतात, त्यांवरून जिल्ह्याची दशमकं काढणं म्हणजे चार कणसांवरून शिवाराचा उतारा सांगणं. जिल्ह्याचे अंदाज निघावेत म्हणून 2025 पासून नमुना पाहण्यांची आखणी जिल्हा धरून होऊ लागली आहे. पुढच्या फेरीकडे माझं त्यासाठीच लक्ष आहे. आणखी एक: फायलींत जिल्ह्यांची जुनी नावं आहेत. औरंगाबाद आणि उस्मानाबाद असं शोधलं नाही तर दोन जिल्हे हातचे जातात.

कृषी गणना: नमुन्याने नव्हे, खात्यांवरून

दुसरा रस्ता जमिनीच्या नोंदींचा. 1970-71 पासून दर पाच वर्षांनी कृषी गणना होते, आणि महाराष्ट्रात तिचा पाया सातबारा आहे. महाराष्ट्रातलं सरासरी वहिती क्षेत्र, म्हणजे एका वहितीदाराकडची कसण्याची जमीन, 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर. देशात 2015-16 साली दोन हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राचे वहितीदार 86.08 टक्के होते आणि त्यांच्याकडे एकूण क्षेत्राचा 46.94 टक्के भाग होता. दहा हेक्टरच्या वरचे 0.57 टक्के होते, त्यांच्याकडे सुमारे 9 टक्के. इथे तालुक्यापर्यंत आकडे मिळतात, म्हणून पत्रकारांना मी आधी इकडेच पाठवतो.

पण यात भूमिहीन नाहीत. जमीनच नसेल तर गणनेत नोंद नाही. शिवाय एकाच घराची जमीन बाप, दोन भाऊ, आई अशा खात्यांत वाटलेली असते. खातेफोड झाली की कागदावर शेतकरी वाढतात आणि सरासरी घटते, चूल मात्र एकच राहते. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यात 1975 च्या दुरुस्तीने कोरडवाहूची मर्यादा 54 एकरांवर आली, तेव्हापासून मोठ्या घरांत नावं वाटण्याला आणखी एक कारण मिळालं. त्यामुळे कृषी गणना विषमता कमी दाखवते. किती कमी, ते आपल्याच गावात करून पाहा.

गावात बसून करायचा हिशेब

समजा दहा घरांची एक वस्ती आहे. जमीन एकरांत: 0, 0, 0, 1, 1.5, 2, 2.5, 4, 7, 22. एकूण 40 एकर, सरासरी 4 एकर. मध्यक, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या घराच्या मधला आकडा, 1.75 एकर. वरच्या एका घराकडे 55 टक्के, खालच्या पाच घरांकडे मिळून 2.5 एकर, म्हणजे सव्वासहा टक्के.

आता गिनी गुणांक. 0 म्हणजे सगळ्यांकडे सारखं, 1 च्या जवळ म्हणजे एकाकडेच सगळं. चढत्या क्रमातल्या प्रत्येक घराच्या क्रमांकाने त्याच्या जमिनीला गुणा आणि बेरीज करा. इथे ती 356 येते. तिची दुप्पट 712. तिला घरांची संख्या गुणिले एकूण जमीन, म्हणजे 400 ने भागा: 1.78. त्यातून 11 भागिले 10, म्हणजे 1.1 वजा करा (घरांची संख्या अधिक एक, भागिले घरांची संख्या). उरलं 0.68.

हाच हिशेब तीन भूमिहीन घरं वगळून करा, जसा जमिनीच्या नोंदींत आपोआप होतो. सात घरं, सरासरी 5.7 एकर, गिनी 0.54. कुणाचीही जमीन गुंठाभर हलली नाही. फक्त सालगड्याचं, मजुराचं घर यादीतून गेलं आणि गाव एकदम अधिक समान दिसायला लागलं. मराठवाड्यातल्या जमिनीच्या कुठल्याही आकड्यापुढे म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, भूमिहीन धरले का?

मग किंमत लावा. समजा कोरडवाहू एकराला 6 लाख, बागायत एकराला 12 लाख. 22 एकरवाल्याची 10 एकर पाण्याखाली आहे, 7 एकरवाल्याची 2 एकर, बाकी सगळं कोरडं. मोठ्या घराची किंमत 192 लाख, वस्तीची एकूण 312 लाख. 55 टक्क्यांचा वाटा साडेएकसष्ट टक्के झाला. विहिरीचं पाणी मालमत्तेतली दरी अशी रुंदावतं. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, तिथे आणि शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्याच्या आसपास दर कसे उसळले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथल्या मालमत्तेचं चित्र 2018 च्या तारखेवर थांबवून चालणार नाही.

खऱ्या गावात हे करायचं तर 8अ च्या उताऱ्यांवरून खातेनिहाय क्षेत्र घ्या, रेडी रेकनरचा त्या गावचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घ्या, आणि मग जुन्याजाणत्या दोन-तीन माणसांबरोबर बसून खाती चुलींमध्ये जोडा. कोण कुणाचा भाऊ, कुणाची चूल वेगळी, हे कुठल्याही संकेतस्थळावर नाही. शेवटी भूमिहीन घरं शून्य क्षेत्राने यादीत घाला.

कर्जाची बाजू

2018 च्या त्याच तारखेला ग्रामीण भारतातल्या 35 टक्के कुटुंबांवर कर्ज होतं, शेती करणाऱ्यांत 40.3 टक्क्यांवर. ग्रामीण कुटुंबामागे सरासरी 59,748 रुपये. ही सरासरी बिनकर्जाच्या घरांनाही धरून आहे, म्हणून कर्जदार घरावरचा खरा बोजा जवळपास तिप्पट: 59,748 भागिले 0.35, सुमारे 1.7 लाख. ग्रामीण कर्जातला 66 टक्के भाग बँका-सोसायट्यांसारख्या संस्थांचा होता, उरलेला सावकार, नातेवाईक, दुकानदार यांचा.

मराठवाड्यात या तक्त्याकडे मी जपून पाहतो. बीड, जालना, परभणीकडची हजारो घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायला हंगामभर राबावं लागतं. पण "तुमच्यावर कर्ज किती?" असं विचारलं, तर बरेच जण "काही नाही" म्हणतात, कारण त्यांच्या बोलीत उचल म्हणजे उचल, कर्ज म्हणजे बँकेचं. दुकानदाराकडची बी-खताची उधारी, व्याजाविना घेतलेली उसनवारी यांचंही तसंच. गावात स्वतः विचारत असाल तर शब्द बदला: "उचल किती? दुकानाची उधारी किती? गहाण काय ठेवलंय?" आणि वेळही पाहा. जानेवारीत गेलात तर ऊसतोडीच्या घरांना कुलूप असतं, आणि नेमकी तीच घरं रांगेच्या खालच्या टोकाची असतात.

रांगेचं वरचं टोक आणि घरातली बाई

अतिश्रीमंत घर नमुन्यात येण्याची शक्यता कमी असते, आणि आलं तरी ते सगळं सांगेलच असं नाही. म्हणून संशोधक पाहणीच्या जोडीला अब्जाधीशांच्या याद्या वापरतात. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या 2024 च्या अभ्यासात 2022-23 साली भारतातल्या वरच्या एका टक्क्याकडे 40.1 टक्के संपत्ती असल्याचा अंदाज आहे. तो सरकारी आकडा नाही. दोन्ही द्या, पण एकाच वाक्यात कालवू नका.

दुसरी अडचण मला जास्त टोचते. पाहणी 'कुटुंबाची' मालमत्ता मोजते, माणसाची नाही. घराच्या वीस लाखांत त्या घरातल्या बाईचं किती, हे त्यातून निघत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, महाराष्ट्राने तर हे पाऊल 1994 मध्येच टाकलं होतं. तरी कृषी गणनेत 2015-16 साली देशातल्या वहितीदारांत बायका 13.96 टक्के आणि त्यांच्याकडचं क्षेत्र 11.72 टक्के. गावच्या यादीत म्हणून एक रकाना वाढवा: खातं कुणाच्या नावे. हक्कसोडपत्र किती बहिणींनी लिहून दिलं ते गावातल्या बायकांना ठाऊक असतं, त्यांच्याशी बसून बोला.

लिहिताना

आकडा कागदावर उतरवताना त्याच वाक्यात एवढं यायला हवं: कोणता प्रदेश, ग्रामीण की शहरी, कोणत्या तारखेची स्थिती, कुटुंब की व्यक्ती, सरासरी की मध्यक, कर्ज वजा करून की न करता. वाक्य लांबेल, लांबू द्या. "30 जून 2018 रोजी ग्रामीण भारतातल्या शेती करणाऱ्या कुटुंबांची, कर्ज वजा न करता, सरासरी मालमत्ता 22 लाख 7 हजार रुपये होती", हे असं लिहिलेलं कुणालाही तपासता येतं.

गावच्या हिशेबात नावं कधीही छापू नका. दहा-दहा घरांचे गट करून फक्त गटांचे वाटे लिहा, एखाद्या गटात एकच मोठं घर उठून दिसत असेल तर तो खालच्या गटात मिसळा. मग तो तक्ता मोठ्या अक्षरांत कागदावर काढून ग्रामसभेत लावा आणि शेजारी भूमिहीन धरून व न धरून आलेले दोन्ही गिनी लिहा. लोक त्या दोन आकड्यांपुढे थांबतात आणि विचारतात, "हे दोन वेगळे कसे काय?" तिथून पुढे बोलणं सुरू होतं.